पेनकिलर, जवसाची चटणी आणि आठवड्याची गोळी

पत्र: "आई ५४ वर्षांची, निपाणीत विड्या वळते. सात-आठ महिने झाले, सकाळी दोन्ही हातांची बोटं आखडलेली असतात, दहा वाजेपर्यंत मूठ वळत नाही. बेळगावला दाखवलं. रक्तात आमवाताच्या खुणा, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, पॉझिटिव्ह; सुजेचे आकडे ईएसआर ६८, सीआरपी ४१. आमवात सांगितला. मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा, फॉलिक ॲसिड, आणि फारच दुखलं तर डायक्लोफेनॅक. आईनं आठवड्याची गोळी पाच वेळा घेतली आणि फरक नाही म्हणून सोडली. आता मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणते, रोज दोन खाते, त्यावर विड्या वळून होतात. मावशी म्हणते जवसाची चटणी आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सूल सुरू कर, ओमेगा-३ सूज बंद करतं. भाऊ बी.एस्सी.ला आहे. तो म्हणतो, सूज प्रोस्टाग्लँडिनमुळे येते आणि पेनकिलर तेच बंद करते, म्हणजे मूळच तोडलं. मग ती आठवड्याची गोळी कशाला? त्यात चार दिवसांपासून कुणीतरी दिलेली वाताची पुडी चालू आहे आणि तिनं आई टुणटुणीत झालीय. कुणाचं ऐकायचं?" (एक लेक, निपाणी)

ताई,

पुडीचं आधी. दोन दिवसांत आमवात उतरवणाऱ्या बेनामी पुड्या तपासल्या की त्यांत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड वारंवार सापडतं. चार दिवसच झाले असतील तर आज बंद करा, त्यानं अपाय होणार नाही. दुखणं परत येईल, तेवढी तयारी ठेवा. उरलेली पुडी फेकू नका, डॉक्टरांना दाखवा. हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या घरी अशी पुडी तीन आठवड्यांच्या वर चालू असेल, तर तिथं मात्र एकदम तोडायची नाही. तोवर मूत्रपिंडावरच्या ग्रंथींनी कॉर्टिसोल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, बनवणं थांबवलेलं असू शकतं. अचानक बंद केलं तर उलट्या होतात, बीपी पडतं, माणूस कोसळू शकतो. डोस डॉक्टरांच्या हाताखाली हळूहळू उतरवावा लागतो.

आता भावाचं म्हणणं. त्याचं निम्मं बरोबर आहे, आणि चूक आहे ती क्रमात. प्रोस्टाग्लँडिन हे पेशींनीच बनवलेलं कळ आणणारं रसायन; ते सुजेचं मूळ नाही, ते मधल्या पायरीवर येतं.

आईच्या बोटाच्या सांध्यात काय चाललंय ते नीट पाहू. सांध्याच्या आतल्या अस्तरात मॅक्रोफेज नावाच्या प्रतिकार पेशी बसलेल्या असतात. आमवातात त्या टीएनएफ, इंटरल्युकिन-१ आणि इंटरल्युकिन-६ सोडतात. ही सायटोकाईन्स, म्हणजे प्रतिकार पेशींनी एकमेकींना धाडलेले प्रथिनांचे निरोप. टीएनएफ आणि इंटरल्युकिन-१ अस्तरातल्या शेजारच्या पेशींना भिडले की काही तासांत त्या पेशी कॉक्स-२ नावाचं एन्झाइम बनवायला लागतात. त्याच वेळी फॉस्फोलायपेज ए-२ हे दुसरं एन्झाइम पेशीच्या आवरणातून ॲराकिडोनिक आम्ल कापून मोकळं करतं. हे २० कार्बनचं, ओमेगा-६ जातीचं स्निग्धाम्ल. कॉक्स-२ त्याचं प्रोस्टाग्लँडिन एच-२ करतं आणि पुढच्या एन्झाइमच्या हातून त्याचं होतं प्रोस्टाग्लँडिन ई-२. ते रक्तवाहिन्या रुंदावतं, म्हणून सांधा गरम आणि लाल. ते दुखण्याच्या नसांचा उंबरठा खाली आणतं, म्हणून नुसती कात्री धरली तरी कळ.

डायक्लोफेनॅक कॉक्सपाशी आडवं येतं. ॲस्पिरिनसारखी औषधं नेमकी इथंच काम करतात हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं, आणि १९८२ चं नोबेल त्यांना बर्गस्ट्रॉम व सॅम्युएलसन यांच्यासोबत मिळालं. गोळी घेतली की प्रोस्टाग्लँडिन ई-२ घटतं, कळ जाते. पण टीएनएफ आणि इंटरल्युकिन-६ त्याच्या आधीच्या पायरीवर आहेत. ते तसेच वाहत राहतात, आणि हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींना जागं करण्याचं काम त्यांचंच आहे. बोटं वाकडी होतात ती त्यामुळे. आईच्या विड्या वळून होतायत, आणि त्याच वेळी हाड झिजतंय. आम्हाला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते, कारण झिजलेलं हाड पुन्हा भरून येत नाही आणि बहुतेकांत ही झीज पहिल्या दोन-तीन वर्षांतच सुरू होते.

भावाला यापुढचा भाग आवडेल, कारण तो पाठ्यपुस्तकात सहसा एका ओळीत उरकतात. प्रोस्टाग्लँडिन ई-२ फक्त निरोप घेत नाही, उलटे निरोपही देतं. ते मॅक्रोफेजवरच्या ईपी-२ आणि ईपी-४ या रिसेप्टरना, म्हणजे निरोप पकडणाऱ्या प्रथिनांना, चिकटलं की पेशीच्या आत सायक्लिक एएमपी हा आतला निरोप्या रेणू वाढतो. परिणाम असा की तीच मॅक्रोफेज टीएनएफ आणि इंटरल्युकिन-१२ कमी सोडते, आणि सूज शमवणारं इंटरल्युकिन-१० जास्त सोडते. म्हणजे टीएनएफनं पेटवलेलं प्रोस्टाग्लँडिन मागं फिरून टीएनएफलाच आवरतं. प्रयोगशाळेत जिवाणूंच्या आवरणातलं लायपोपॉलिसॅकराइड घालून मॅक्रोफेज चेतवल्या आणि इंडोमेथॅसिन या पेनकिलरनं कॉक्स बंद केलं, तर टीएनएफ कमी न होता वाढलेलं दिसतं. पण म्हणून प्रोस्टाग्लँडिनला सज्जनही ठरवू नये. तेच इंटरल्युकिन-६ वाढवतं, आणि इंटरल्युकिन-२३ सोबत असेल तर टीएच-१७ या प्रतिकार पेशींना बळ देतं, ज्यांचं इंटरल्युकिन-१७ सांधे पोखरायला हातभार लावतं. कुठली पेशी, कुठला रिसेप्टर आणि सुजेचा कितवा दिवस, यावर सगळं ठरतं. 'मूळ तोडलं' हे वाक्य इथं टिकत नाही.

शिवाय ॲराकिडोनिक आम्लाला कॉक्सशिवाय दुसरी वाटही आहे. ५-लायपॉक्सिजिनेज त्याचं ल्युकोट्राईन बी-४ करतं, जे न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींना सांध्याकडे ओढून आणतं. आमवाताच्या सुजलेल्या गुडघ्यातून काढलेलं पाणी गढूळ असतं ते या न्यूट्रोफिलमुळे. डायक्लोफेनॅकनं ही वाट बंद होत नाही. काही दम्याच्या रुग्णांत कॉक्स अडवलं की ल्युकोट्राईनची बाजू चढते आणि पेनकिलर घेतल्यावर अर्ध्या तासापासून तीन तासांत धाप लागते. आईला असं कधी झालं असेल तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवं.

सूज थांबते कशी, हा मावशीच्या ओमेगा-३ चा प्रश्न. साध्या जखमेत पहिल्या काही तासांत जमलेलं प्रोस्टाग्लँडिन ई-२ न्यूट्रोफिलमध्ये १५-लायपॉक्सिजिनेज सुरू करतं, आणि ल्युकोट्राईन बनवणाऱ्या पेशी लायपॉक्सिन बनवायला लागतात. लायपॉक्सिन आलं की नवे न्यूट्रोफिल येणं थांबतं आणि मॅक्रोफेज मेलेल्या पेशी गिळून जागा साफ करतात. हा पालट चार्ल्स सेरहान यांच्या गटानं २००१ मध्ये मांडला. त्याच गटाला माशाच्या तेलातल्या ईपीए आणि डीएचए या ओमेगा-३ आम्लांपासून बनणारे, सूज आवरणारे रिझॉल्व्हिन सापडले. रिझॉल्व्हिन ई-१ ल्युकोट्राईन बी-४ च्या रिसेप्टरवर जाऊन बसतं, आणि दुसऱ्या एका रिसेप्टरवाटे टीएनएफचं उत्पादन खाली आणतं. पेशींवर आणि उंदरांवर हे स्वच्छ दिसतं. कॅप्सूल खाल्लेल्या माणसाच्या सांध्यात ते पुरेसं बनतं का, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. डबीवरची जाहिरात त्या वादाच्या पुष्कळ पुढं पळते. माशाच्या तेलाचा जास्त खात्रीचा परिणाम वेगळा आहे: ईपीए पेशीच्या आवरणात ॲराकिडोनिक आम्लाची जागा घेतं, आणि मग बनणारं ल्युकोट्राईन बी-५ हे बी-४ पेक्षा कितीतरी दुबळं असतं. आवरण असं बदलायला आठवडे लागतात. एका रात्रीत काही होत नाही.

आता चटणीचा हिशोब करू. जवसात साधारण ४० टक्के तेल आणि त्यातलं निम्म्याहून जास्त अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे वनस्पतींतलं ओमेगा-३. दळलेल्या जवसाचा एक मोठा चमचा, म्हणजे ७ ग्रॅम, घेतला तर हे आम्ल सुमारे १.६ ग्रॅम मिळतं. शरीर त्यातलं ५ ते ८ टक्केच ईपीएमध्ये बदलतं, म्हणजे ८० ते १३० मिलिग्रॅम. डीएचए जवळजवळ नाहीच. आमवातात दुखणं आणि सकाळचा आखडलेपणा कमी झाल्याचं ज्या चाचण्यांत दिसलं, त्यांत ईपीए आणि डीएचए मिळून रोज २.७ ग्रॅमच्या आसपास किंवा जास्त होतं, आणि तेही तीन महिने. तेवढं जवसातून काढायचं तर रोज पावणेदोनशे-दोनशे ग्रॅम खावं लागेल. पोट बिघडेल, दुसरं काही नाही.

तरी चटणी बंद करू नका. भाकरीबरोबर रोज एक-दोन चमचे उत्तम अन्न आहे, फक्त औषध नाही. अख्खे दाणे न चावता तसेच बाहेर पडतात, म्हणून दळूनच खायचे. मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, काळे होऊ देऊ नका, आठ-दहा दिवसांपुरतीच करा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. हे तेल हवेनं फार लवकर खवट होतं. रंगाच्या डब्यासारखा वास आला की टाकून द्या. वर पाणी भरपूर प्या, आणि गोळ्या व चटणी यांत दोन तासांचं अंतर ठेवा. कारळाची चटणी जवसाच्या जागी चालेल असं धरू नका, कारळाचं तेल मुख्यतः ओमेगा-६ चं. आता ओमेगा-६ म्हणजे विष समजून सूर्यफुलाचं तेल घराबाहेर काढायचीही गरज नाही. ते खाल्ल्यानं माणसांत सीआरपी वाढतो असं चाचण्यांत दिसलेलं नाही.

कॅप्सूल घ्यायची असेल तर डबीची मागची बाजू वाचा. पुढं '१००० मिलिग्रॅम' लिहिलेलं ते नुसत्या तेलाचं वजन. साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए १८० आणि डीएचए १२० असतं, एकूण ३०० मिलिग्रॅम. म्हणजे २.७ ग्रॅमसाठी रोज नऊ. रोज एक खाऊन काही होत नाही ते यामुळे. कॉड लिव्हर ऑइल घेऊन हा आकडा गाठायला जाऊ नका, त्यात व्हिटॅमिन ए प्रमाणाबाहेर जातं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा छातीत धडधड होत असेल तर आधी विचारा. मोठ्या डोसात हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो. मासे खात असाल तर चोर्ला घाटातून गोव्याची आणि खालून कारवारची तारली, बांगडे आपल्याकडे येतातच. १०० ग्रॅम तारलीत हंगामाप्रमाणे एक ते दोन ग्रॅम ईपीए-डीएचए मिळतं. आमटी करा, तळणीत बुडवू नका. विडी कामगाराच्या मजुरीतून नऊ कॅप्सूल घेण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा तारली आणि उरलेला पैसा रक्ततपासणीला, असं आमचं स्पष्ट मत.

आता ती सोडून दिलेली गोळी. पाच आठवड्यांत फरक न दिसणं हे अपेक्षितच होतं; मेथोट्रेक्सेटला ६ ते १२ आठवडे लागतात. ती दुखण्यावर काम करत नाही, निरोपांवर करते. या छोट्या डोसात ती पेशींभोवती ॲडेनोसिन नावाचं रसायन वाढवते, आणि ॲडेनोसिन मॅक्रोफेजमधलं तेच सायक्लिक एएमपी चढवून टीएनएफ उतरवतं. भावाला इथं ईपी-२ आठवेल: बटण वेगळं, आतली तार तीच. मधल्या आठवड्यांत आईला राबवत नाही हे खरं, आणि त्यासाठी डॉक्टर थोडे दिवस मोजून-मापून प्रेडनिसोलोन देतात, मग उतरवतात. स्टेरॉइड फॉस्फोलायपेजच्या पायरीवर स्निग्धाम्लंही रोखतं आणि सायटोकाईन्सही, म्हणून इतकं झटपट वाटतं. पुडीनं तेच केलं, फक्त किती मिलिग्रॅम ते कुणालाच ठाऊक नाही.

स्वतःहून परत सुरू करू नका. मध्ये खंड पडलाय आणि पुडीही पोटात गेलीय. आधी हिमोग्लोबिन-पांढऱ्या पेशी, लिव्हर आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) तपासून डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या. सुरू झाली की आठवड्यात एकच दिवस. रोज घेतल्यानं माणसं दगावली आहेत, रक्तपेशी बनणंच थांबतं. मेडिकलवाल्यानं पाकिटावर कानडीत किंवा इंग्रजीत लिहून दिलं आणि आईला मराठीच वाचता येत असेल, तर मोठ्या मराठी अक्षरांत वार लिहा. बाजाराचा दिवस धरला तर विसरत नाही. स्ट्रिप दर वेळी त्याच ताकदीची घ्या. १५ मिलिग्रॅम म्हणजे २.५ च्या सहा गोळ्या किंवा १५ ची एक, यात घोटाळा फार होतो. दुसरा घोटाळा नावाचा: फोलिट्रॅक्स हे मेथोट्रेक्सेटचंच ब्रँडनाव आहे, ते फॉलिक ॲसिड समजून रोज खाल्लं जातं. फॉलिक ॲसिड सहसा ५ मिलिग्रॅमचं, आठवड्याच्या गोळीच्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी. आठवड्याची गोळी रात्री जेवून घेतली तर मळमळ झोपेत निघून जाते. पहिले तीन महिने दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त तपासायचं, पुढं दोन-तीन महिन्यांनी. तोंडात फोड, ताप, कोरडा खोकला किंवा धाप दिसली की त्या आठवड्याची गोळी थांबवून डॉक्टर गाठा. ही गोळी चालू असताना को-ट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक चालत नाही, लघवीच्या जळजळीला म्हणून सहज दिलं जातं. घरातल्या मूल होऊ शकणाऱ्या बाईच्या हाती ही गोळी चुकूनही लागू देऊ नका.

डायक्लोफेनॅक पूर्ण तोडा असं आम्ही म्हणत नाही, पण रोज दोन ही मेडिकलच्या काउंटरवर ठरवायची गोष्ट नाही. पोटाच्या अस्तरावरचा चिकट थर आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही प्रोस्टाग्लँडिनच राखतं. जेवून घेतली तरी अल्सर टळत नाही, आणि इंजेक्शन घेतलं तरी टळत नाही, कारण परिणाम रक्तातून होतो. डॉक्टरांना पँटोप्राझोल विचारा. ती सकाळी खाण्याआधी अर्धा तास. आईला बीपीची गोळी आणि लघवीची गोळी चालू असेल तर तिसरी डायक्लोफेनॅक मिळून मूत्रपिंड बसू शकतं, आणि मूत्रपिंड मंदावलं की मेथोट्रेक्सेट अंगात साचतं. डांबरासारखी काळी शौच झाली तर त्याच दिवशी दवाखाना.

तंबाखूच्या धुराचा आणि अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह आमवाताचा संबंध पक्का आहे, आणि धुरानं औषधही कमी लागू पडतं. आई ओढत नसेल तरी घरात कुणी ओढत असेल तर बाहेर. मिश्री लावत असेल तर हिरड्या दाखवून घ्या. हिरड्यांचा जुना आजार आमवाताला खतपाणी घालत असावा. सकाळी दहा मिनिटं कोमट पाण्यात हात ठेवून मग सूप मांडीवर घ्यायचं, पानं कापायच्या कात्रीच्या कड्यांना जाड कापड गुंडाळायचं, आणि अर्ध्या-अर्ध्या तासानं बोटं सरळ करायची.

फरक पडतोय की नाही हे दुखण्यावरून ठरवू नका. इंटरल्युकिन-६ यकृताला सांगतं तेव्हा सीआरपी बनतो, म्हणून तो आकडा निरोपांचा पुरावा आहे. डायक्लोफेनॅकनं तो फारसा हलत नाही. पुडीच्या अमलाखाली तपासलात तर खोटा कमी येईल, आणि सर्दी-तापात खोटा जास्त. ठीक डोस चालू झाल्यापासून बारा आठवड्यांनी, शक्यतो त्याच लॅबमध्ये तपासा, आणि सकाळी मूठ किती वाजता वळते ते वहीत लिहीत जा. बेळगावचं बिम्स हे सरकारी रुग्णालय लांब पडत असेल तर निपाणीहून कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय जवळ आहे. कुठंही जाताना जुने रिपोर्ट, सगळ्या रिकाम्या स्ट्रिप आणि ती पुडी सोबत न्या. बारा आठवड्यांनी सीआरपी उतरला नाही तर मेथोट्रेक्सेट २५ मिलिग्रॅमपर्यंत वाढवता येतं, सल्फासॅलाझिन किंवा हायड्रॉक्सिक्लोरोक्विन जोडता येतं. त्यानंही भागलं नाही तर ॲडॅलिम्युमॅब टीएनएफला आणि टोसिलिझुमॅब इंटरल्युकिन-६ च्या रिसेप्टरला थेट अडवतं. ती महाग आहेत, आणि सुरू करण्याआधी टीबीची तपासणी करावीच लागते, कारण दबलेल्या क्षयाला कोंडून ठेवणारा निरोपही टीएनएफचाच असतो.